लाल गाऊनची वाटणी

गोधड्या शिवायला घेतल्या तेव्हा ग्रंथपालांच्या मनात कुणाच्या झोपेत ढवळाढवळ करण्याचा काडीइतकाही हेतू नव्हता, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. पुढे सोसायटीच्या सभेत त्यांच्यावर तसा उघड आरोप झाला. भिडस्त माणसाची पंचाईत अशी, की आरोप झाला रे झाला की त्याला स्वतःलाच वाटायला लागतं, असेलही बुवा आपला हेतू, कुणी सांगावं.

मूळ कारण एवढंच, की सुनेला थंडी वाजत होती. मुलगा नोकरीसाठी परगावी असे. सून कामावरून यायची ती फोन कानाशी धरूनच. मग एका हाताने कपडे मशीनमध्ये टाकायचे, दुसऱ्या हाताने भाजी चिरायची, आणि शेवटी अंथरुणावर पडली की पाय पोटाशी घेऊन कुडकुडायचं. "दुकानातली रजई जड होते हो बाबा," ती म्हणाली, "अंगावर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं." ग्रंथपालांनी उभा जन्म फाटकी पुस्तकं शिवली होती. पुस्तक काय आणि गोधडी काय, थरावर थर ठेवायचे आणि मधून दोरा घालायचा, असा त्यांनी हिशेब केला. पुस्तक कुणी पांघरून झोपत नाही, हा किरकोळ फरक त्यांच्या लक्षात यायला फार उशीर झाला.

"शिवा की," बायको म्हणाली. "दिवसभर पुस्तकात खुपसलेलं नाक तेवढंच जरा बाहेर येईल."

बाहेरच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटासमोर, चटईवर गोधडीचा संसार मांडला गेला आणि दार उघडं असल्यामुळे जिन्यातून येणारा-जाणारा आत डोकावू लागला. खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यीणबाई एकट्या राहत. त्या चपला न काढताच उंबऱ्यावरून म्हणाल्या, "टाके लहान घाला काका. मोठा टाका सैल पडतो. हिरडीचंही तसंच आहे." सोसायटीचे सेक्रेटरी लग्नाच्या भानगडीत कधी पडले नव्हते, त्यामुळे त्यांना सल्ले द्यायला भरपूर वेळ असे. त्यांनी डोळे बारीक करून गोधडी न्याहाळली. "मध्यभागी एक लाल ठिगळ हवं. लाल असलं की नजर ठरते. मी नोटिशीखाली लाल रेघ मारतो, ती काय हौस म्हणून?"

सल्ला देणाऱ्या प्रत्येकाला आपल्यालाही एक गोधडी हवी असल्याचं जाता जाता आठवलं. नाही म्हणणं ग्रंथपालांना कधी जमलं नव्हतं. ग्रंथालयात बंद व्हायच्या वेळेला आलेल्या वाचकालाही ते बसा म्हणत आणि मग स्वतःच उपाशी बसत. बघता बघता जुन्या कपड्यांच्या पिशव्या दाराशी रांगेत उभ्या राहिल्या.

आणि इथे ती चूक झाली.

एका घरचे कपडे त्या घरच्या गोधडीत घालायचे, हे कुणाही शहाण्या माणसाला न सांगता कळलं असतं. पण ग्रंथालयाला कुणी पुस्तकं दिली तर ती देणाऱ्याप्रमाणे लावत नाहीत, विषयाप्रमाणे लावतात. ग्रंथपालांनी सगळ्या पिशव्या चटईवर रिकाम्या केल्या आणि रंगाप्रमाणे गठ्ठे लावले. किती दिवसांनी काहीतरी वर्गवारी करायला मिळाली होती! सेक्रेटरींच्या पायजम्यावर दंतवैद्यीणबाईंचा पांढरा कोट, त्यावर मुलाचा शाळेतला सदरा. ते गठ्ठे पाहून त्यांना इतकं समाधान वाटलं की त्या दिवशी त्यांनी दोनदा चहा मागितला, आणि बायकोने चौकशी न करता दिला.

सर्वांत शेवटी पिशवी आली ती वरच्या मजल्यावरच्या मास्तरांची. मास्तरांनी जन्मभर लोकांना मोटार चालवायला शिकवलं होतं. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून सतत ब्रेकवर पाय ठेवायची सवय अशी मुरली होती, की खुर्चीत बसलं तरी त्यांचा उजवा पाय मधूनच जमीन दाबी. बायको गेल्यापासून तो जरा जास्तच दाबी. त्यांनी पिशवी दारातच ठेवली.

"तिचे कपडे आहेत. मी काही उघडून बघितलं नाही, बघवत नाही. मला एखादी निळी करून द्या. आणि हे बघा, लाल काही घालू नका त्यात. ती कायम लाल गाऊनमध्ये असायची घरात. डोळ्यांत खुपतो."

"नाही घालत," ग्रंथपाल म्हणाले, आणि शब्द पाळला. मास्तरांची गोधडी इतकी निळी झाली की तिच्याकडे पाहून तहान लागावी. पण पिशवीतला तो लाल गाऊन आणि तसाच लाल स्कार्फ वाया कसा घालवायचा? इतर गोधड्यांना मध्यभागी लाल हवंच होतं. त्यांनी गाऊन कापला. गळपट्टी दंतवैद्यीणबाईंच्या गोधडीला गेली. एक बाही सेक्रेटरींच्या. खालचा घेर सुनेच्या. मधलं मोठं कापड उरलं, ते घडी करून पेटीत ठेवलं. स्कार्फ होता रेशमी आणि चिवट. ग्रंथपाल वाचत असलेल्या एका जाडजूड पुस्तकाची पाठ मोडली होती, तिला तो डकवला. पुस्तकाला इतकी शोभा आली की त्यांनी ते पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं. दुसऱ्या बाहीचं काय झालं हे त्यांना आठवत नव्हतं. ग्रंथालयातही अधूनमधून एखादं पुस्तक असं नाहीसं होई.

गोधड्या धुऊन गच्चीवर वाळत घालायला अर्ज लागेल, असं सेक्रेटरींनी कळवलं. "पण तुमचीच गोधडी आहे त्यात," ग्रंथपाल म्हणाले.

"गोधडी मला हवी आहे. परवानगी सेक्रेटरींकडून हवी आहे. ती दोन वेगळी माणसं आहेत."

पहिला अर्ज 'व्यवसाय' समजून नामंजूर झाला. दुसऱ्यात 'छंद' असं घातल्यावर, छंदासाठी गच्ची वापरायची तर त्याने कुणालाही उपद्रव होणार नाही अशी हमी लिहून द्या, असं उत्तर आलं. ग्रंथपालांनी हमी दिली. त्या कागदावरची आपली सही पुढे त्यांना फार छळणार होती.

गोधड्या वाटल्या गेल्या. थोडे दिवस सगळी इमारत खुशीत होती. फक्त ग्रंथपालांच्या स्वयंपाकघरात एक नवीच कटकट सुरू झाली. बायको दुधाखाली गॅस लावून वळली की गॅस बंद. ज्योत विझलेली नसायची, खटका फिरवून व्यवस्थित बंद केलेला असायचा. शेगडीवाला आला, त्याने नळी हुंगली, बटणं काढून बसवली. "शेगडीत दोष नाही," तो म्हणाला. "वाऱ्याने होत असेल." वारा खटका कसा फिरवेल, हे विचारायचं ग्रंथपालांना तो जिना उतरल्यावर सुचलं.

मग एका सकाळी दंतवैद्यीणबाई दवाखान्यात जाता जाता थांबल्या.

"काका, एक विचारू? हसू नका. माझ्या स्वप्नात कुणीतरी बोलतं. दिसत काही नाही, नुसता आवाज. आधी विचारतो, हे कुणाचं घर? मी सांगते, दंतवैद्याचं. मग म्हणतो, गॅस बंद केला का? आणि मग... जेवलीस का?" त्या जरा थांबल्या. "आवाज ओळखीचा आहे. वरच्या मास्तरीणबाईंचा."

ग्रंथपालांच्या हातातली सुई तशीच राहिली. बाई गेल्या आणि सेक्रेटरी आले. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"तक्रार नाही, नोंद म्हणून सांगतो. झोपेत मला एक हात दिसतो. बाकी कुणी नाही, एकटा हात. माझ्या शर्टाची बटणं लावतो, कॉलर सरळ करतो. मनगटावर भाजल्याचा डाग आहे." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "तो डाग मी मास्तरांच्या घरी पाहिलाय, पाण्याचा पेला घेताना. मयत सभासदाचा हात, ग्रंथपाल! माझ्या बेडरूममध्ये!"

आत जाऊन सुनेला विचारलं तर ती फोन बाजूला धरून म्हणाली, "हो बाबा, पावलं दिसतात मला. एक चप्पल जरा घासत जाते, मास्तरीणबाईंची जायची तशी. रात्रभर घरभर फिरतात, काहीतरी आवरत असतात. मी झोपलेय आणि दुसरंच कुणीतरी काम करतंय! इतकं बरं वाटतं म्हणून सांगू."

एक गोष्ट ग्रंथपालांनी कुणालाच सांगितली नव्हती. दुपारी वाचता वाचता त्यांना डुलकी लागे, पुस्तक छातीवर उघडं पडे आणि समोर एक चेहरा येई. मास्तरीणबाईंचा. खाली मान नाही, अंग नाही, नुसता चेहरा, लाल स्कार्फमध्ये. तो त्यांच्याकडे एकटक बघे, ओठ हलवी, पण आवाज येत नसे. आवाज खालच्या मजल्यावर होता, हे आता त्यांना कळत होतं. या वयात रोज दुपारी शेजाऱ्याच्या बायकोचा चेहरा दिसणं, आणि तेही स्वर्गवासी झालेल्या, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? एकदा तर बायकोने त्यांना गदागदा हलवून उठवलं होतं.

"अहो, झोपेत कुणाला 'बसा ना, बसा ना' म्हणत होतात?"

"ग्रंथालयात... वाचक आला होता कुणी."

"वाचकाला एवढं गोड बोलत असतात होय?" बायको म्हणाली आणि निघून गेली. तिचा विश्वास बसला नव्हता. खोटं बोलायला लागणारी अक्कल ग्रंथपालांकडे नव्हती, आणि ते बायकोला पुरेपूर ठाऊक होतं.

रविवारी सकाळी गाड्या लावायच्या जागेत सभा भरली. विषय होता 'झोपेत होणारा अनधिकृत प्रवेश'. सेक्रेटरींनी ती हमी वाचून दाखवली. एक सभासद म्हणाला, उपद्रव झालाय. दुसरा म्हणाला, आमच्या गोधडीत तर काहीच येत नाही, आम्ही काय कमी देखभाल खर्च भरतो? तेव्हा कुणीतरी ग्रंथपालांकडे बोट दाखवून म्हणालं, "यांनी मुद्दामच केलंय. शांत माणसं अशीच असतात." ग्रंथपाल उभे राहिले. खुलासा करायला त्यांनी तोंड उघडलं, आणि आभार मानून खाली बसले.

या सगळ्या गोंधळात एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. मागच्या खुर्चीत मास्तर बसले होते, आणि त्यांचा उजवा पाय जमीन दाबून तसाच राहिला होता.

दुपारी मास्तर ग्रंथपालांच्या दारात आले. हातात निळ्या गोधडीची घडी होती.

"मला छान झोप लागते हिच्यात," ते म्हणाले. "काही दिसत नाही. काही ऐकू येत नाही. रोज डोळे मिटताना वाटतं आज येईल, आणि सकाळी नुसती सकाळ होते. आज सभेत कळलं. दंतवैद्याकडे जाते. त्या सेक्रेटरीची बटणं लावते. अहो, त्याची! आयुष्यात त्याच्याशी धड बोलली नाही ती." त्यांचा पाय हलला. "सगळ्यांकडे जाते. माझ्याकडेच का येत नाही?"

"तुम्ही लाल नको म्हणालात," ग्रंथपाल कसंबसं पुटपुटले.

मास्तरांनी निळी घडी उलटून पाहिली. "म्हणालो खरं," ते म्हणाले. मग एकदम, "ती विचारते म्हणे, हे कुणाचं घर? म्हणजे हुडकतेय हो. अख्खी बाई एकेका तुकड्याने परक्या घरांत हुडकत फिरतेय, आणि मी वर घोरतोय."

त्या वाक्यानंतर ग्रंथपालांनी आयुष्यात पहिल्यांदा दिलेली पुस्तकं परत मागायला स्वतः घरोघर जायचं ठरवलं. म्हणजे ठिगळं. पण त्यांना मनात तसंच वाटत होतं.

काम सोपं नव्हतं. सेक्रेटरींनी आधी लेखी मागणी द्या म्हणून सांगितलं. मग लेखी नको म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आईनंतर माझी कॉलर कुणी सरळ केली नव्हती." आणि गोधडी आणून दिली. घडी अगदी काटेकोर घातलेली होती. दंतवैद्यीणबाईंनी स्वतः टाके उसवले, हिरडीचे काढावेत तितक्या हलक्या हाताने. "सांगा त्यांना," त्या म्हणाल्या, "जेवलेय म्हणून." सून सर्वांत जास्त अडून बसली.

"बाबा, तुमचं काय जातं? सकाळी मला उठवायला कुणी नसतं, झोपताना विचारायला कुणी नसतं, आणि ती पावलं फिरतात तेवढाच माझा आराम!"

"फिरतात ती दमून फिरतात गं," ग्रंथपाल म्हणाले. "पाय घासतो ना त्यांचा?"

सून जरा वेळ फोनकडे बघत राहिली, फोन वाजत नव्हता तरी. मग तिने पांघरूण ओढून त्यांच्या हातात दिलं.

आता उरला स्कार्फ. पुस्तकाची पाठ सोलून काढताना बायको समोर येऊन उभी राहिली. लपवायला जागा नव्हती.

"हाच का तुमचा वाचक?" तिने विचारलं.

ग्रंथपालांनी मान खाली घातली. बायकोने पुस्तक हातातून घेतलं, आणि त्यांच्यापेक्षा सफाईने स्कार्फ सोडवून दिला. मग ती स्वयंपाकघरात निघून गेली.

पेटी उघडताना आणखी एक प्रकार झाला. कडी काढली आणि झाकण आपणहून जरासं वर आलं, जरासं खाली गेलं, झोपलेल्या माणसाच्या छातीवरचं पुस्तक हलावं तसं. ग्रंथपालांनी "माफ करा हं" म्हणून आतलं कापड दोन्ही हातांनी उचललं. ते ऊबदार होतं.

या वेळी वर्गवारी रंगाने केली नाही. निळी गोधडी चटईवर पसरली. वर स्कार्फ, त्याखाली गळपट्टी, मग मधलं कापड, बाजूला बाही, खाली घेर. जे जिथलं ते तिथे. दंतवैद्यीणबाईंच्या सल्ल्याप्रमाणे टाके लहान घातले. शिवता शिवता त्यांना सारखं वाटत होतं की कुणीतरी श्वास रोखून पडून आहे, सुई लागू नये म्हणून.

दुसऱ्या दुपारी मास्तर ग्रंथपालांच्याच घरी, आतल्या खोलीत गोधडी घेऊन आडवे झाले. आपल्या घरी एकट्याने झोपायचा धीर त्यांना नव्हता. बाहेरच्या खोलीत ग्रंथपाल, बायको, दंतवैद्यीणबाई, सेक्रेटरी आणि अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेली सून, अशी सगळी ऑपरेशन चालू असलेल्या दवाखान्यात बसावं तशी बसली. सेक्रेटरींचं एक बटण चुकीच्या भोकात गेलं होतं. कुणीच त्यांना सांगितलं नाही.

अर्धवट उघड्या दारातून मास्तरांचा उजवा पाय दिसत होता. तो गोधडीखाली दाबला जात होता, सुटत होता, दाबला जात होता. मग एकदम थांबला. सैल पडला. असा सैल त्यांचा पाय कुणी कधी पाहिला नव्हता. घरात अजिबात वारा नसताना आतल्या खोलीत एक चप्पल घासत गेली. सुनेने ग्रंथपालांचा हात धरला.

खूप वेळाने मास्तर बाहेर आले. केस विस्कटलेले, डोळे लाल.

"आल्या का?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

"आली," मास्तर म्हणाले. "चांगली रागावलीय. म्हणाली, कुणाकुणाच्या घरी फिरवलंत मला, एकही जण धड गॅस बंद करत नाही." ते हसले आणि मग त्यांचा आवाज बारीक झाला. "पण हात एकच आहे हो. डावा नाही. मी विचारलं, दुसरा कुठाय? तर म्हणाली, तो कामात आहे, खालच्या स्वयंपाकघरात."

आणि तेवढ्यात ग्रंथपालांच्या स्वयंपाकघरातून स्पष्ट आवाज आला. खट्.

बायको ताडकन उठली. "चहाचं आधण ठेवलं होतं मी," ती म्हणाली. सगळे तिच्यामागे गेले. आधण थंडावत होतं, खटका बंद होता. शेगडीच्या वर खिळ्याला गरम भांडी उतरवायचं कापड लटकत होतं. लाल. दुमडून चौपदरी शिवलेलं, एका टोकाला बाहीची पट्टी अजून तशीच. ते अगदी हळू हलत होतं.

"चटईवर पडली होती," बायको म्हणाली. "म्हटलं, एवढीशी बाही, कुणाला काय लागणार आहे."

ती बाहीही त्याच दिवशी जागेवर गेली. मास्तर गोधडी खांद्यावर घेऊन जिना चढले. ते एकटेच चढत होते, पण कठड्याच्या बाजूने, दुसऱ्या माणसाला जागा ठेवून.

पुढे इमारतीत स्वप्नं पडेनाशी झाली. सेक्रेटरींनी विषय बंद केल्याची नोटीस लावली आणि खाली लाल रेघ मारली नाही. दंतवैद्यीणबाई कधीमधी सुनेकडे जेवायला येऊ लागल्या. त्या भांडी घासायला घेत तेव्हा सून डोळे मिटून खुर्चीत पडून राही. आणि संध्याकाळी प्रत्येक घरात, कुणी न सांगता, कुणीतरी उठून गॅस बघून येई. जिन्यात उभं राहिलं की ते ऐकू येई. खट्. खट्. खट्.

ग्रंथपालांची डुलकी आता रिकामी असे. पाठ नसलेलं पुस्तक छातीवर पडे आणि समोर कुणीच येत नसे. हायसं वाटायला हवं होतं, ते तेवढं वाटत नव्हतं. बायको अजूनही मोजकंच बोलत होती.

अशाच एका दुपारी त्यांनी डोळे उघडले तर समोर बायको उभी होती. हातात तिचा हिरवा गाऊन, घरात रोज घालायचा, आत्ताच धुऊन वाळवलेला.

"हा कापून ठेवा," ती म्हणाली.

"अगं, चांगला आहे की अजून."

"चांगला आहे तोवरच. नंतर तुम्हाला सुचायचं नाही. भलतीच वर्गवारी करून बसाल." तिने गाऊन त्यांच्या मांडीवर ठेवला. "आणि सगळे तुकडे एकाच गोधडीत. तुमच्या. मला लोकांच्या घरी फिरायची सवय नाही."

ग्रंथपालांनी कात्री उचलली. गाऊनचा गळा चाचपला. बाह्या सरळ केल्या, आधी एक, मग दुसरी. कापड त्यांच्या हाताखाली गार होतं, नुसतं कापड होतं, आणि त्याचं त्यांना इतकं बरं वाटलं की डोळ्यांसमोरचं धूसर झालं. त्यांनी कात्री खाली ठेवली.

"हिला धार नाही," ते म्हणाले.

बायकोने कात्रीकडे पाहिलं. सकाळीच तिने त्याच कात्रीने जाड पुठ्ठा कापला होता.

"असेल," ती म्हणाली. तिने गाऊन उचलला, खांद्यावर टाकला आणि चहा ठेवायला आत गेली.